खसखसचे पस्तीस मायक्रोवॅट

"काऊन जी ओजल, तोंड एवढंसं काऊन?" खसखसनं विचारलं.

खसखस म्हणजे डाळिंबाच्या दाण्याएवढा यंत्रकिडा. ओजलनं दोन महिने खपून त्याला बोलायला शिकवलं होतं. आज पडून त्याची चार्जिंगची पट्टी तडकली. नवी पट्टी संध्याकाळी येणार. तोवर वीज तुटली, तर शिकलेलं सगळं पुसलं जाणार!

आबाजी, तिचे शास्त्रज्ञ आजोबा, अंगाच्या उबेपासून वीज करणारं एक कडं घेऊन आले. ते त्यांनी ओजलच्या मनगटात चढवलं आणि त्याची तार खसखसला जोडली.

"चटका नाही ना बसणार?" आई दारातूनच म्हणाली.

"सूनबाई, मुंगीलाही कळणार नाही, इतकीशी वीज आहे ही!"

खसखसच्या पाठीवर आकडा उमटला : गरज ३५. कड्यावर होता ०.०२. ओजलचे डोळेच भरले. "कुठे पस्तीस आणि कुठे हे!"

"पस्तीस काय? बटाटे?" आबाजी हसले. "पाठीवर मायक्रोवॅट आहेत, कड्यावर मिलिवॅट. वॅट म्हणजे शक्तीचं एकक (दर सेकंदाला किती ऊर्जा मिळते, ते सांगणारं माप). त्याचे हजार भाग केले, की एक भाग मिलिवॅट. त्या मिलिवॅटचेही हजार भाग केले, की एक भाग मायक्रोवॅट. आधी दोन्ही एका मापात आण, मग रड."

ओजलनं नाक पुसलं. "०.०२ गुणिले हजार... वीस! म्हणजे पंधराच कमी पडतात?"

"हो. चंद्रपूरचा मे महिना ना! हवा जवळजवळ अंगाइतकीच तापलीय. आत ऊब आणि बाहेर गारवा, यांत फरक असला तरच कडं वीज करतं."

आई कधी आत गेली, कळलंच नाही. माठाच्या पाण्यात भिजवलेला रुमाल आणून तिनं कड्यावर गुंडाळला. "हात हलवू नकोस गं."

०.०३... ०.०४... ०.०५!

"पन्नास मायक्रोवॅट!" ओजल ओरडली. "पंधरा उरले!"

संध्याकाळपर्यंत आईनं सहा वेळा रुमाल भिजवला. नवी पट्टी बसली, तेव्हा खसखस एकही शब्द विसरला नव्हता.

"आबाजी, शाळेतल्या हजार जणांनी अशी कडी घातली तर? पन्नास हजार मायक्रोवॅट... भागिले हजार... पन्नास मिलिवॅट!"

"इवलासा दिवा लागेल त्यावर."

ओजल लगेच वही काढून कडी घालणाऱ्यांची नावं लिहायला बसली. पहिलं नाव तिनं आईचं लिहिलं.