निरोगी तोंड

"शर्वाणी, माझ्या तोंडाला झालंय तरी काय?" बेनझीरने गालातून यंत्राची शलाका काढली. समोरचा पडदा लालभडक झाला होता.

यवतमाळच्या त्या प्रयोगशाळेत दोघी मैत्रिणी एकच यंत्र घडवत होत्या. शर्वाणी दंतवैद्य, बेनझीर ध्वनिअभियंता. सुपारीने तोंडाचं आतलं अस्तर तंतूंनी भरत जातं, ताठरतं, शेवटी घास जाईल एवढंही तोंड उघडत नाही. डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यांचा 'अस्तरमापी' कानाला ऐकू न येणाऱ्या, श्राव्यातीत ध्वनीचा हलका धक्का गालाला देई आणि आत उठलेली लहर किती वेगाने धावते ते मोजी. मऊ अस्तरात लहर रेंगाळते, ताठर अस्तरात पळते.

"तू कधी सुपारी..."

"वेडी आहेस का? अम्मीने तंगडं मोडलं असतं!" बेनझीर हसली खरी, पण तिची नजर पडद्यावरच होती.

शर्वाणीने मूळ लहर उघडून पाहिली. पुन्हा पाहिली. "अगं, तुझी लहर पळत नाहीये. रेंगाळतेय."

"मग लाल का?"

"यंत्राला रोग कुठे कळतो? आपण त्याला एक निरोगी तोंड शिकवलंय. त्याच्याशी जुळलं की हिरवा दिवा, दूर गेलं की लाल."

"म्हणजे मी निरोगीपेक्षाही मऊ? असं असतं?"

"नसतं," शर्वाणी म्हणाली, आणि तिने त्या निरोगी तोंडाची नोंद उघडली.

ते निरोगी तोंड तिच्या आईचं होतं. द्वारकाबाईंनी आयुष्यात चहासुद्धा घेतला नव्हता. त्यांच्याइतकं निर्मळ तोंड दुसरीकडे कुठे शोधायचं? महिनाभर रोज आंघोळ आटोपून त्या निमूट शलाका धरून बसल्या होत्या, जणू हाही एक नेमच.

दिवेलागणीला शर्वाणी घरी आली. आई देवघरापुढे खलबत्त्यात विडा कुटत होती. पान, कात, बडीशेप, सुपारी. हा आवाज शर्वाणी जन्मापासून ऐकत आली होती. आज ती दारातच थबकली.

"आई, तू सुपारी खातेस?"

"मी? काहीतरीच तुझं!"

"मग हे?"

"हा देवीचा विडा. प्रसाद आहे तो."

"आणि तो रोज घेतेस."

"प्रसादाला कुणी नाही म्हणतं का गं?"

शर्वाणी तिच्याजवळ खाली बसली. "तिखट सोडलंस, ते कुठल्या व्रतासाठी?"

आई ओशाळली. "व्रत कसलं! तोंडात आग व्हायची. म्हटलं, देवीच सोडवतेय, तर सोडावं."

"भाकरीसुद्धा?"

"दुधात कुस्करली की जाते."

घरात सगळ्यांनी या एकेका त्यागाचं कौतुक केलं होतं. शर्वाणीनेही. "आ कर," ती हळूच म्हणाली. आईच्या तोंडात तिची दोन बोटं कशीबशी मावली.

तिने सगळं समजावून सांगितलं. विडा थांबला, उपचार झाले, तर आजार इथेच रोखता येईल, हेही सांगितलं. ती सांगत होती आणि आईच तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तो हात थांबला.

"म्हणजे माझ्यासारखं ते चांगलं, असं म्हणतं तुझं यंत्र?"

"हो."

"आमच्या भजनातल्या बायकांना हिरवा दिवा लागला म्हणून आपण पेढे वाटले, त्या गं?"

शर्वाणीने खाली बघतच होकार दिला.

"माझं बघूनच रोजचा विडा लावून घेतला त्यांनी," आई स्वतःशीच म्हणाली.

तिने आरती केली. विडा देवीपुढे ठेवला, हात जोडले. "आजपासून तुझा तू खा, माय." आणि उठून चपला घालू लागली.

"आई, मी सांगेन त्यांना."

"प्रसाद सोडा म्हणणाऱ्या डॉक्टरणीला त्या बायका दारात तरी उभं करतील का? आज भजन शांताकडे आहे, सगळ्याजणी भेटतील. तू फक्त उजेडाला बॅटरी घे बाई. आधी माझं तोंड त्यांना दाखव."