मशीनच्या पोटाखालचं स्वस्तिक

"सकाळपासून हात नाही लावला मशीनले. तरी पाहा, एका झटक्यात चालू होते." शालिकरामने दोरी ओढली. फांद्यांचा चुरा करणारी ती जुनी मशीन लगेच धडधडली.

संत्र्याच्या बागेतल्या वाळक्या फांद्यांसाठी शालिकरामची मशीन विकत घ्यायची म्हणून ती पाहायला श्रीधर सावरगावहून बोरगावला आला होता. सुट्टी असल्यामुळे त्याची मुलगी अश्विनी आणि भाचा केतनही सोबत होते. मशीन चालू व्हायच्या आधीच केतनने इंजिनाला बोट लावलं होतं. चांगला चटका बसला होता.

शालिकरामने मशीन बंद केली तसा केतन श्रीधरला म्हणाला, "मामा, सकाळपासून बंद, तर इंजिन तापलं कसं?"

"उन्हाळा आहे, पोट्ट्या," शालिकरामच मध्ये बोलला.

"पण मशीन टिनाखाली सावलीत आहे ना."

"मोबाइल पाहू पाहू पोट्टे लय शहाणे झाले," शालिकराम हसला.

अश्विनी मात्र खाली वाकली होती. पात्यांवरच्या लोखंडी झाकणावर, अगदी खालच्या बाजूला, शेंदराचं जाड स्वस्तिक होतं.

"पूजा केलेली आहे, पोरी. हात नको लावू," शालिकराम घाईने म्हणाला. श्रीधरने लगेच हात जोडले.

"काका, दसऱ्याला आपण मशीनले हळद-कुंकू लावतो, अन् तेही समोर. शेंदूर तर मारुतीले लावतात. मग हे पोटाखाली काऊन काढलं?"

"मनात भाव पाह्यजे. जागेचं काय?"

"अश्विनी, गप राय. देवाचं आहे ते," श्रीधर म्हणाला.

"म्हणूनच विचारून राहिली, बाबा. या मशीनमध्ये फांद्या आई टाकणार आहे. तिथं रोज तिलेच उभं राहा लागते."

तिने स्वस्तिकाला नमस्कार केला आणि बापाकडे न पाहता ओढणीने शेंदूर पुसला. खाली भेगा बुजवायची पुट्टी लागली. केतनने किल्लीने टोचताच पुट्टीचा ढलपा पडला आणि बोटभर लांब भेग उघडी झाली.

"आत पाती फिरतात," अश्विनी भेगेकडे बोट दाखवत म्हणाली. "झाकण फुटलं तर तुकडा सरळ आईच्या अंगावर."

"जुन्या मशीनमध्ये इतकं तर चालतेच," शालिकराम पुटपुटला.

"मग सांगाचं होतं. देवाआड काऊन लपवलं?"

आवाज ऐकून शालिकरामची आई, जयवंताबाई, दारात आली. भेगेकडे पाहून तिला सगळं कळलं. "काल पारावरच्या मारुतीचा शेंदूर याच्यासाठी आणला होय रे?"

शालिकरामने बाजूला ठेवलेली शेंदराची वाटी हळूच खांबाआड सरकवली.

श्रीधरने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "मी हात जोडले अन् पाहाचंच विसरलो. तू हात जोडले, अन् पाहिलंही. नाही घेत आम्ही ही मशीन."

शालिकरामचा हात नकळत शेंदराच्या वाटीकडे गेला. अश्विनी मध्ये उभी राहिली.

"नाही, काका. नवं झाकण बसेपर्यंत हे उघडंच राहील. पुढच्या माणसाच्या घरीबी कोणाची आई असन."

"बरोबर बोलली माय माझी," जयवंताबाई म्हणाली. तिने ती वाटी उचलली, पदराखाली धरली आणि भर उन्हात मारुतीच्या पाराकडे चालू लागली.