रंग गिळणारं फडकं

डॉ. मृणाल हावळ हिच्या इचलकरंजीतल्या प्रयोगशाळेत त्या दुपारी आवराआवर चालली होती. संध्याकाळी संचालक येणार आणि एवढ्या वर्षांच्या कामाला कुलूप लागणार, हे ठरल्यातच जमा होतं.

"आपल्या या कापडासारख्या उत्प्रेरक पटलात काही खोट नाही," तिचा सहकारी, भौतिकतज्ज्ञ इरफान मुजावर म्हणाला. "हादरे बसले की त्यातल्या स्फटिकांवर विद्युतभार येतो आणि सांडपाण्यातल्या रंगाचे रेणू तुटतात. पटल धुवा, वाळवा, पुन्हा वापरा. पण हादरे देणारं अल्ट्रासाउंडचं यंत्र वीज पितं. हा पांढरा हत्ती कोण पोसणार?"

मृणालला रडू येत होतं आणि ते इरफानसमोर येऊ द्यायचं नव्हतं.

तेवढ्यात शेजारचे रंगारी महालिंगअण्णा बादली घेऊन तणतणत आत आले. बादलीत नितळ पाणी होतं.

"म्याडम, ह्यो माझा निळा रंग."

"हे तर पाणी आहे, अण्णा."

"मी तरी काय म्हंतोय? तुमचं फडकं दोरीवर वाळत हुतं. म्हटलं, रंग गाळून घ्यावा. गाळला, फडकं हौदातच ऱ्हायलं. जेवून येतोय तर रंगाचा पत्ता न्हाई."

रंग फडक्यानं गाळायचा ही रंगाऱ्यांची रीतच. जिवापाड जपलेल्या पटलाचं गाळणं झालेलं ऐकून मृणाल रागावणार होती, पण तेवढ्यात तिच्या लक्षात आलं. अण्णांकडे हादरे देणारं यंत्र नव्हतंच, मग रंग गेला कसा?

"फडक्याला डाग पडला?"

"कुठला? पांढरंफटक हाय."

म्हणजे रंग शोषला गेला नव्हता, तुटला होता. ती इरफानला घेऊन अण्णांच्या शेडकडे धावलीच. भिंतीपलीकडे अण्णांच्या भावाचे यंत्रमाग खडखडत होते. तिनं हौदाच्या कठड्यावर हात ठेवला. कठडा थरथरत होता.

हौदात ताजा रंग ओतला, पटल सोडलं. भावानं माग थांबवले, तेव्हा रंग तसाच राहिला. माग पुन्हा सुरू झाले आणि बघता बघता निळा फिका पडू लागला.

इरफानला हसू आवरेना. "आणि आपण प्रयोगात व्यत्यय नको म्हणून टेबलाच्या पायांखाली रबर घातलं होतं. मागांचे हादरे आपणच अडवत बसलो."

मृणालनं तिथूनच संचालकांना फोन लावला.

"सर, प्रकल्प बंद करू नका, ते अल्ट्रासाउंडचं यंत्र बंद करा. आपल्याला गावातले माग पुरेत."