ज्या पाण्यातले, त्याच पाण्यात

“आवं, थांबा! त्येन्ला कोंडू नगा!”

तळ्याकाठी उकिडवा बसलेला तरुण असा दचकला, की हातातली बाटली पडता पडता राहिली. अक्काताई मात्र घागर कमरेवर घेऊन तशीच उभी! चौगुल्यांची ही लेक कुणाला भीत नाही, हे सगळ्या भोज गावाला ठाऊक होतं. या परक्याला कुठून असणार?

“कुणाला कोंडू नको?”

“तळ्यातल्या जिवांला.”

त्याचे डोळे चमकले. अहो, त्याच जिवांसाठी तर तो आला होता! निपाणीचा भूपाल मगदूम, पुण्यात एम.एस्सी. करत होता. पुरात वेदगंगा नदीचं पाणी आत शिरून हे तळं भरायचं. ऋतू पालटला, ऊन-वारा पालटला, की त्यातले बारीक जीव कसे वाढतात, कसे घटतात, हे त्याला वर्षभर मोजायचं होतं. पण चार खेपा झाल्या तरी बाटल्या जवळजवळ रिकाम्याच. प्राध्यापक आता विषयच काढून घेणार होते.

“येता कवा तुमी?”

“बाराच्या मोटारीनं.”

अक्काताई खुदकन हसली. “भर उन्हात ती वर थांबत्यात व्हय? तळाला जात्यात. दिवस उगवायच्या आदी या, मग बघा!”

लहानपणापासून ती रोज दुपदरी फडक्यातून पाणी गाळायची. मग फडकं उलटं करून, गाळलेलं पाणी ओतून, त्यात अडकलेले जीव अलगद तळ्यात सोडायची. ज्या पाण्यातले, त्याच पाण्यात. याला जिवाणी म्हणायचे, आणि ती सोडल्याशिवाय या जैन घरात कुणी घोटभर पाणी पीत नसे. भूपालही जैनच, पण शहरात राहून हे सगळं विसरलेला.

“एक अट हाय. औषद घालून मारायचं न्हाई. मोजा, आन परत सोडा.”

“जिवंत? अहो, ते पळतात!”

“मग तुमीबी पळा की मागनं.”

तो खळखळून हसला, आणि अक्काताईच्या घागरीतलं पाणी उगाच हिंदकळलं.

तेव्हापासून तो निपाणीला घरी मुक्काम करून झुंजूमुंजू होताच सायकलवरून यायचा. एकदा त्यानं तिला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं.

“आगं बाई… काळीज दिसतंय! कसं धडधडतंय!”

“कुणाचं?”

“ह्या जिवाचं!”

“असं होय… मला वाटलं, माझं.”

तिनं डोळा काचेवरून हलवलाच नाही. वर बघायची सोय कुठं होती?

श्रावणात तांबडं पाणी आलं; फडक्यात गाळच गाळ, जीव मोजके. थंडीत पाणी निवळलं तसे ते वाढले. चैत्रात, उबदार संथ पाण्यात, फडकं नुसतं वळवळायला लागलं! पश्चिमेचा वारा सुटला की सगळे पलीकडच्या काठाला. आधी ती सांगायची, मग तो मोजायचा, आणि दर वेळी तिचंच खरं निघायचं.

भूपाल पास झाला. पुण्यातच नोकरी लागली, आणि एके सकाळी तो आत्याला घेऊन थेट मागणी घालायलाच आला. अक्काताईला आनंदानं काही सुचेना. शंभरदा हो म्हणायचं होतं तिला! पण तिच्या वडिलांनी, आप्पांनी विचारलं, तेव्हा ती अडखळत म्हणाली,

“पुण्यात नळ हाईत म्हणं… नळाच्या पाण्यातली जिवाणी मी कुठं सोडू?”

“एवढ्यासाठी गं?” आत्या म्हणाल्या.

“एवढंच न्हाई ते. मला जमायचं न्हाई, आत्या.” तिचे डोळे भरून आले.

भूपालनं कपबशी खाली ठेवली.

“नळाची सोळा घरं बघून सोडून दिली मी,” तो घाईघाईनं, तिच्याच बोलीत म्हणाला. “सतरावं घेतलं. जुनाट हाय, गळतंय… पण मागं आड हाय! फक्त लई खोल हाय. एकट्याला पाणी वडवत न्हाई.”

अक्काताईनं पदरानं डोळे पुसले.

“जिवाणीचा पोहरा मी सोडीन,” ती म्हणाली. “वडायचं तुमी.”