शेजारची खुर्ची

माझ्या बाबांना तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, आणि तुमच्यातल्या एकानेही कधी त्यांचं नाव विचारलं नाही. सर्कशीत, लग्नांच्या बँडमध्ये, हॉटेलात लोक जेवत असताना, साबणाच्या जाहिरातीत, सिनेमातल्या रडायच्या प्रसंगात जो सॅक्सोफोन वाजला, तो त्यांचा. पंचेचाळीस वर्षं. नाचरं म्हणा नाचरं, रडकं म्हणा रडकं. बासरीवाला आला नाही तर बासरीसुद्धा. नाव गाणाऱ्याचं.

हे मी त्यांनाही ऐकवलं होतं. "जन्मभर दुसऱ्यांच्या गाण्यात फुंकलंत," असं म्हणून बँडमधली त्यांच्या शेजारची खुर्ची सोडून मी निघून गेले. ते एवढंच म्हणाले, "श्वास घाईत घेतेस, बाळ. बोलतानाही."

शेजारी बसून वाजवणाऱ्या दोघांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम. एकाने घेतला की दुसऱ्याने सूर धरून ठेवायचा. ऐकणाऱ्याला तुटलेलं कळता कामा नये. मला ते कधीच साधलं नाही. त्यांच्या श्वासाच्या जागीच माझा दम संपायचा. मग ते स्वतःचा कोंडून धरायचे, कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत.

ते गेल्यावर वाद्याच्या पेटीत, अस्तराखाली, एक कागद सापडला. त्यांनी स्वतः रचलेली एकुलती एक धून. चार मिनिटांची, दोन सॅक्सोफोनसाठी. वर दोन नावं होती. त्यांचं आणि माझं.

बाबा जिथे वर्षानुवर्षं वाजवायचे, तो जुना स्टुडिओ त्याच आठवड्यात पाडणार होते. ही धून तिथेच, त्यांच्या नावाने रेकॉर्ड व्हावी, एवढंच मला हवं होतं. तिथल्या रेकॉर्डिस्टकाकांनी शेवटची दुपार दिली.

"आधी तुझा भाग वाजव," ते म्हणाले. "मग बाबांचा. एकावर एक चढवू. तुझ्या श्वासांवर मी पेन्सिलीने खुणा करतो, म्हणजे भोकं कुठे बुजवायची ते कळेल. तुझी भोकं पुष्कळ असतात, मला आठवतंय."

"काका, आज तरी नको ना."

"बरं बाई. जा आत."

खोलीच्या भिंतींना जाड कापड होतं. दार लागलं की तिथे स्वतःच्या गळ्यातली आवंढ्याची हालचालसुद्धा ऐकू येते. दोन खुर्च्या होत्या. सवयीने मी डावीकडच्या खुर्चीवर बसले. वाद्याची रीड, ती वेताची पातळ पट्टी, तोंडात धरून भिजवली. काचेपलीकडे काकांनी हात खाली केला, आणि मी सुरुवात केली.

पहिलं मिनिट ठीक गेलं. मग तो लांब सूर आला. कागदावर तो संपतच नव्हता. माझा दम सुटू लागला, नेहमीच्याच चुकीच्या जागी. आता तुटणार, असं वाटलं, आणि वास आला. पेपरमिंटच्या गोळीचा. बाबा वाजवण्याआधी चघळायचे, तीच.

मी श्वास घेतला. सूर थांबला नाही.

माझे ओठ वाद्यापासून सुटले होते, तरी तो सूर उजव्या कानाजवळ चालूच होता. मऊ, जरासा घोगरा. मी मान वळवली नाही. भीती वाटली हे खरं, पण त्याहून मोठी भीती होती की वळले तर तो तुटेल. मी परत सुरात शिरले. पुन्हा दम संपला, पुन्हा त्याने धरला. आयुष्यात पहिल्यांदा मी घाई केली नाही.

धून संपल्यावर स्पीकरमधून काकांचा आवाज आला, अगदी हळू.

"पोरी... बाहेर ये."

बाहेर त्यांनी टेप मागे घेतली आणि लावली. सूर अखंड होता. त्याच्या मधेमधे माझे श्वास स्वच्छ ऐकू येत होते, धापा टाकल्यासारखे. प्रत्येक श्वासाला काकांची पेन्सिल कागदावर टेकत होती.

टेप संपली. मी डब्यावर बाबांचं नाव लिहिलं. माझं लिहायला हात उचलला, तेव्हा काका अजून त्या खुणांकडेच बघत होते.

"हे सगळे तुझे आहेत," ते म्हणाले. "सतरा. पण त्याने... चार मिनिटांत एकदाही घेतलेला नाही गं."