चौथी पुंगळी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. ऑपल आजही अमेरिकेत, वायोमिंगमधल्या आपल्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात बसते.

फेब्रुवारीतला मंगळवार. भर दुपार, बाहेर बर्फ. तीस वर्षं पिस्तुलं दुरुस्त करणाऱ्या ऑपलसमोर म्हाताऱ्या नेव्हा बार्लोने एक जुनं पंचेचाळीस कॅलिबरचं पिस्तूल ठेवलं.

"माझ्या बाबांचं. नात सोमवारी शेरीफकडे नोकरीला लागतेय. ब्रिन गं. हेच कमरेला लावणार म्हणते. पण मेलं अडकतं!"

"स्प्रिंग थकली असेल, नेव्हाबाई. आपलेही गुडघे थकलेच की."

"तुझे थकले असतील!"

ऑपलने स्प्रिंग बदलली. पुंगळी बाहेर ओढणारा आकडा घट्ट केला. गोळ्या भरलेलं नवं मॅगझिन मुठीत सरकवलं आणि मागच्या शेडमध्ये मातीच्या ढिगावर नेम धरला.

एक. दोन. तीन.

चौथ्याला... खट्.

गोळी सुटली, पण तिची रिकामी पुंगळी पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, स्लाइडच्या, फटीत उभी अडकली होती. नेहमीचाच बिघाड. तिने मॅगझिन काढलं, पुंगळी उपसली...

आणि दचकली.

नुकती उडालेली पुंगळी बोटं भाजते. ही बर्फासारखी गार होती. हिरवट, गंजकी.

तिने तर नवी कोरी काडतुसं भरली होती!

काडतुसांचा दुसरा डबा फोडला. तीन ठीक. चौथी... पुन्हा गार. पुन्हा हिरवी.

ती दुकानात आली.

"तुमचे बाबा कसे गेले, नेव्हाबाई?"



"एकसष्ट साली. शेरीफचे डेप्युटी होते. पेट्रोल पंपावर दरोडा पडला. चार गोळ्या झाडल्या त्यांनी. मग हे अडकलं. सोडवायला दोन सेकंद हवे होते गं... तेवढे मिळाले नाहीत."

ऑपल शेडमध्ये परतली. बाकावर ठेवलेल्या दोन्ही हिरव्या पुंगळ्या... नव्हत्या.

बिघाड भागांत नाही, हे तिला कळून चुकलं होतं. तिने नवं सगळं काढून जुनंच परत बसवलं.

एक. दोन. तीन. खट्.

या वेळी तिने पिस्तूल खाली घेतलं नाही. गोळीबारात सोडवतात तसं तळहाताने मॅगझिन ठोकलं. स्लाइड ओढायला हात नेला...

तिच्या बोटांवर आणखी कुणाची तरी बोटं होती.

गार. घाईतली.

दोघांनी मिळून स्लाइड ओढली.

पाचवी सुटली. सहावी. सातवी.

तिच्या मागे कुणीतरी लांब श्वास सोडला...

ती वळली. शेड रिकामी.

त्यानंतर तिने दोनशे काडतुसं उडवली. एकदाही अडकलं नाही.

"काय केलंस गं?" नेव्हाने हरखून विचारलं.

"काही नाही," ऑपल म्हणाली. ते खरंच होतं.

ब्रिन आता ते रोज कमरेला लावते. ऑपलला ठाऊक आहे, पिस्तूल चालतं. का चालतं, ते ठाऊक नाही. आणि तिच्याच शब्दावर भरवसा ठेवून तेवीस वर्षांची पोर गस्तीवर जाते.

नेव्हाचा फोन आला, की ऑपल अजूनही लगेच उचलत नाही.