मधला ढीग

चंद्रावर इंधन चोरून माणूस पळणार कुठं? एवढी साधी शंकाही संचालक इनामदारांना आली नाही. संलयन भट्टीतलं इंधन, ट्रिटियम, घटतंय, म्हणजे भट्टीवाल्या सिदराम खरातनंच हात मारला, संपलं! दुपारच्या यानानं त्याची पृथ्वीवर रवानगी आणि पुढं खटला.

सिदराम तडक रेणुशलाका प्रयोगशाळेत आला.

"ताई, ट्रिटियम चोरीला जात नाही, ते बनतच नाही. लिथियम-सहापासून भरपूर बनतं, लिथियम-सातापासून नावापुरतं. लिथियम-सहा म्हणून भट्टीला लावलेली टाकी तुम्हीच तपासली ना?"

"मीच. वस्तुमान मोजायचं यंत्र पुरवठादाराचं, वस्तुमानाचा दाखलाही त्याचाच. म्हणून मी फिरकी मोजते." कौसल्या साबळेनं यंत्राकडं बोट केलं. "लिथियमची वाफ बारीक फटीतून सोडायची आणि चुंबकातून न्यायची. अणुगर्भाची फिरकी असेल तशा वाफेच्या त्या शलाकेला फांद्या फुटतात. सहाच्या चार, साताच्या पाच. तुमच्या टाकीच्या चार आल्या."

"चारी मोजल्या?"

"उजवीकडच्या दोन मोजल्या. डावीकडं तेवढ्याच असतात, म्हणून दुप्पट करतो. मधे जोडीनं चिकटलेल्या अणूंचा ढीग पडतो. चुंबक त्यांना हलवत नाही, म्हणून तो सोडून देतो."

सिदराम कोरडं हसला.

"दुप्पट करून पाच येतात का हो कधी?"

कौसल्यानं फांद्या टिपणाऱ्या शोधक तारेकडं पाहिलं. पाचवी फांदी सरळच जाणार. म्हणजे त्या ढिगात.

"यान किती वाजता?"

"दोन तासांत."

तिनं यंत्राची वाफ तापवायची दुसरी, छोटी भट्टी पेटवली. वाफ एवढी तापवायची की जोड्या तुटल्याच पाहिजेत. दारात इनामदार उभे राहिले.

"बाई, ढीग सोडायचा नियम तुमचाच. टाकी तपासल्याच्या दाखल्यावर सहीही तुमचीच."

"म्हणून तर मोडायलाही मीच पाहिजे. बाजूला व्हा, उजेड अडतोय."

जोड्या तुटल्या. ढीग वितळत गेला. पार गेला असता, तर सिदराम चोर. पण मधोमध एक फांदी उरली, सुईसारखी सरळ.

पाच.

"बरं, एक टाकी चुकली," इनामदार पुटपुटले.

"एक? सहा वर्षं मी दुप्पटच करतेय, साहेब. लिथियम सहा असो वा सात, माझ्याकडं चारच येणार. इथल्या अकराच्या अकरा टाक्यांचे माझे दाखले फाडा आणि आरोपपत्रावर याच्या जागी माझं नाव घाला."

"मग तुम्ही यानात बसा."

"बसेन. आधी अकरा टाक्या मोजते." तिनं शोधक तार मधोमध आणली. "सिदरामदादा, पहिली आणा. या वेळी सुरुवात इथून."